काटोलहून कुलाब्यास

नागपुराहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारें साठ किलोमीटरांवर काटोलचें स्टेशन लागतें. लांबच्या गाड्यांतला प्रवासी खिडकींतून डोकावतो, 'संत्र्यांचा मुलूख आला' एवढें म्हणतो आणि पुन्हां आडवा होतो. गांव मात्र संत्र्यांहून पुष्कळ जुनें आहे. जाम नदीच्या कांठचें हें गांव म्हणजेच चंद्रहासाच्या आख्यानांतलें कुंतलापूर, अशी इकडची पिढीजात समजूत. आणि वालुकाश्माचे थर एकावर एक रचून उभारलेलें येथील पुरातन देऊळ पाहिलें म्हणजे ती समजूत खोडून काढण्याचें मनांत येत नाहीं. अलीकडची कीर्ति तर थेट आकाशांतून आली. ता. २२ मे २०१२ रोजीं भर दुपारीं मोठा गडगडाट होऊन या भागांत उल्कापाषाण पडले, आणि जगांतील उल्कांच्या यादींत 'काटोल' हें नांव कायमचें नोंदलें गेलें.

परंतु गांवाचा संसार चालतो तो संत्र्यांवरच. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधावयाचा. मृग बहार धरावयाचा कीं अंबिया, याचा दरवर्षीं घरांत खल करावयाचा. कोळशी व डिंक्या यांच्याशीं झगडावयाचें. आणि शेवटीं व्यापाऱ्यानें बागेंत हिंडून उक्ता भाव सांगितला म्हणजे तोंड कडू करून 'बरें' म्हणावयाचें, असा हा संसार. आमची बाग चौरस लागवडीची आहे. दर अठरा-वीस फुटांवर झाड, उभ्या-आडव्या ओळी सरळ. या ओळींत गणित दडलेलें आहे हें मला साठी उलटल्यावर कळलें, आणि तेंहि माझ्या पुतणीमुळें. मीं आयुष्यभर शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें. गणिताशीं माझा संबंध हजेरीपटापुरता.

ती म्हणाली, "काका, कोणत्याहि एका झाडापाशीं उभे राहा आणि शेजारच्या दोन झाडांतलें अंतर एक धरा. आतां नेमक्या पांच अंतरावर किती झाडें आहेत, सांगा." मीं चार सांगितलीं, कारण चारी दिशांस सरळ पाहिलें. तिनें मातींत रेघा ओढून दाखविलें कीं तीन ओळी आडवें व चार ओळी उभें गेलें, तरीहि अंतर पांचच होतें. अशीं तिरपीं आठ झाडें आणखी मिळून एकूण बारा. येथें अंतराचा वर्ग पंचवीस. तोच वर्ग पांच असेल तर झाडें आठ. तेरा, सतरा, एकोणतीस असेल तरी आठ. परंतु सात असेल तर एकहि नाहीं. अकरा, एकोणीस, तेवीस यांनाहि एकहि नाहीं. या साऱ्या मूळ संख्याच. मग हा पंक्तिप्रपंच कां? तर चारांनीं भागून ज्या मूळ संख्येची बाकी एक उरते तिला आठ झाडें, आणि जिची बाकी तीन उरते तिच्या वांट्यास शून्य. फर्मानें सतराव्या शतकांत हा नियम सांगितला व ऑयलरनें अठराव्यांत त्याची सिद्धता दिली.

पुढें तिनें जें सांगितलें तें या लेखाचें मूळ असल्यानें वाचकांनीं थोडा धीर धरावा. बाकी एक असेल तेथें अधिक चिन्ह द्यावें, बाकी तीन असेल तेथें उणें. तीन बाकीच्या दोन संख्यांचा गुणाकार केला तर त्याची बाकी एक येते; जसें तीन त्रिक नऊ. इकडे उणें गुणिलें उणें अधिकच होतें. म्हणजे बाक्यांचा गुणाकार व चिन्हांचा गुणाकार एकमेकांच्या पावलावर पाऊल ठेवून चालतात. क्रियांच्या एखाद्या गटाचें असें अंकांत उतरविलेलें रूप, म्हणजे त्या गटाचें 'प्रतिरूपण'. झाडें मोजावयाचीं असतील तर अंतराच्या वर्गाचे सर्व विषम विभाजक घ्यावे, प्रत्येकास त्याचें चिन्ह द्यावें, बेरीज करावी आणि तिची चौपट करावी. पंचविसाचे विभाजक एक, पांच व पंचवीस. तिन्हींस अधिक चिन्ह. तीन चोक बारा. मीं बागेंत मोजून पाहिलें, बाराच भरलीं.

हा गट अगदीं लहान, म्हणून एका चिन्हानें काम भागलें. मोठ्या गटांस, विशेषतः ज्यांत अनंत क्रिया आहेत अशांस, चिन्ह पुरत नाहीं. त्यांच्या प्रत्येक क्रियेसाठीं ओळी-रकान्यांची एक सबंध सारणी, आणि तीहि कधीं अंत नसलेली, मांडावी लागते. त्या सारण्यांचें शास्त्र म्हणजे प्रतिरूपण-सिद्धान्त. संख्यांविषयींचे कठीण प्रश्न त्या सारण्यांच्या भाषेंत उतरवून सोडवितां येतात कीं काय, हा गेल्या साठ-सत्तर वर्षांतील गणिताचा एक थोर उद्योग आहे. आणि त्या उद्योगाचा एक मुख्य खांब आपल्या मुंबईंत रोवला गेला, हें काटोलांत काय, खुद्द मुंबईंतहि फार थोड्यांस ठाऊक असेल.

आमच्या घरीं हा विषय निव्वळ कुतूहलाचा राहिला नव्हता. पुतणीनें नागपुरास एम्. एस्‌सी. केल्यावर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेशपरीक्षा दिली आणि तिला मुलाखतीचें बोलावणें आलें. त्याच महिन्यांत पुण्याचें एक चांगलें स्थळ सांगून आलें होतें. मंडळी भली, घाई करणारीं, पण भली. शिवाय दोन वर्षांत आमची अर्धी बाग डिंक्यानें गेली होती. दादांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, प्रश्न सरळ होता: पांच-सहा वर्षें ही मुलगी तेथें करणार काय, आणि तें कोणाच्या उपयोगी पडणार? वहिनी कांहीं बोलत नव्हत्या. त्यांचें न बोलणें आमच्या घरांत बोलण्याहून जड असतें. अखेर आईनें निकाल दिला. "मुलगी द्यावयाची तर घर पाहून द्यावी. तूं तिच्याबरोबर जा आणि तें घर पाहून ये." याप्रमाणें वराचें घर पाहावें तशी एक संशोधनसंस्था पाहण्यासाठीं मी निघालों.

प्रवासाचें वर्णन करण्याजोगें फारसें नाहीं. संध्याकाळीं नागपूर सोडलें, अकोला-भुसावळ झोपेंत गेलें, आणि सकाळीं मुंबई. मुलाखत दुसऱ्या दिवशीं असल्यानें पहिला दिवस मोकळा होता. पुतणीनें मला प्रथम नेलें तें अपोलो बंदरावर. गेटवेसमोर गर्दी नेहमींचीच. तिकडे पाठ करून ती जुन्या यॉट क्लबाच्या वास्तूकडे पाहात उभी राहिली. डॉ. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापन केलेल्या संस्थेचें बिऱ्हाड आरंभीं बंगळुरास, मग येथें पेडर रोडवर, आणि १९४९ पासून या वास्तूंत होतें. गणिताचा विभाग के. चंद्रशेखरन् यांनीं उभारला. फेब्रुवारी १९५६ मध्यें संस्थेनें झीटा फलनांवर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. झीटा फलन म्हणजे काय हें येथें सांगत बसत नाहीं. मूळ संख्यांची सारी नाडी त्यांत सांपडते एवढें पुरे.

त्या परिषदेस नॉर्वेचे आट्ले सेल्बर्ग आले होते. १९५० चें फील्ड्स पदक मिळविलेले, वय एकोणचाळिसाच्या आंत. त्यांनीं येथें जें सूत्र मांडलें तें आज त्यांच्याच नांवानें 'सेल्बर्ग ट्रेस सूत्र' म्हणून जगभर ओळखलें जातें. सारणींतल्या कर्णावरील अंकांची बेरीज म्हणजे ट्रेस. ही बेरीज दोन रीतींनीं करितां येते, हा त्यांतला मर्माचा भाग. मृदंगाची कल्पना करावी. एका पारड्यांत त्या पुडीच्या आकाराची माहिती, म्हणजे तिच्यावरून फिरून पुन्हां त्याच जागीं येणाऱ्या वाटांच्या लांब्या. दुसऱ्या पारड्यांत तिच्यांतून निघणारे शुद्ध स्वर. सेल्बर्गांनीं दाखविलें कीं कांहीं विशिष्ट वक्र पृष्ठांच्या बाबतींत हीं दोन पारडीं अगदीं तंतोतंत सारखीं भरतात. वाटांकडे अंकगणित आहे, स्वरांकडे प्रतिरूपणें. इकडचें कळत नसेल तर तिकडचें मोजावें. आमच्या चौरस बागेसाठीं असा ताळमेळ गणितज्ञांस आधींच ठाऊक होता. सेल्बर्गांनीं तो वांकड्या जमिनीवर, आणि फार मोठ्या गटांसाठीं, जमविला.

हा निबंध छापला गेला तो परदेशच्या नियतकालिकांत नव्हे, तर भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकाच्या विसाव्या खंडांत. त्याच खंडांत सीगेल, मास, आयक्लर, रँकिन यांचेहि निबंध आहेत. आपल्या वाचकांस या परिषदेची ओळख दुसऱ्या एका नात्यानें असावयास हवी. १९०७ सालीं ती निघाली तेव्हां तिचें ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत ठेवलें होतें, आणि त्या काळीं फर्ग्युसनचें गणित म्हणजे रँग्लर परांजपे. याच नियतकालिकांत १९११ सालीं श्रीनिवास रामानुजन् यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला.

रामानुजन् यांचें नांव आलें तें उगाच नव्हे. सेल्बर्ग शाळकरी वयाचे असतां रामानुजनांवरील एक लेख त्यांच्या वाचनांत आला, पुढें रामानुजनांचे समग्र निबंध त्यांस भावाकरवीं ग्रंथालयांतून मिळाले, आणि त्यांच्या गणिताचा ओढा ठरला. १९८८ च्या जानेवारींत, रामानुजन्-शताब्दीच्या निमित्तानें मुंबईस पुन्हां आले असतां त्यांनीं याविषयीं व्याख्यान दिलें. कुंभकोणमच्या एका कारकुनाचे निबंध नॉर्वेंतल्या मुलाच्या हातीं लागतात आणि त्या मुलानें पुढें शोधिलेलें सूत्र तो अपोलो बंदरीं येऊन सांगतो! दादांनीं उपयोग विचारला होता. त्या प्रश्नाचें उत्तर हें नव्हे, हें मी जाणतों. पण बंदरावर उभें असतां मला तो प्रश्न थोडा वेळ आठवला नाहीं, हें खरें.

रामानुजनांचीच एक गोष्ट पुतणीनें बाकावर बसून चणे खातां खातां सांगितली. १९१६ सालीं त्यांनीं एका अनंत गुणाकारांतून निघणारी अंकांची एक माळ अभ्यासिली: एक, उणें चोवीस, दोनशें बावन्न, उणें चौदाशें बाहात्तर, चार हजार आठशें तीस, उणें सहा हजार अठ्ठेचाळीस, आणि पुढें. दुसऱ्या व तिसऱ्या अंकांचा गुणाकार करावा, नेमका सहावा अंक येतो. मीं खिशांतल्या कागदावर करून पाहिलें. चोवीस गुणिलें दोनशें बावन्न, सहा हजार अठ्ठेचाळीसच. असें कां व्हावें, हें मॉर्डेल यांनीं पुढल्याच वर्षीं सिद्ध केलें. परंतु हे अंक फार मोठे होत नाहींत, त्यांस ठराविक मर्यादा आहे, हें रामानुजनांचें अनुमान सिद्ध होण्यास १९७४ साल उजाडावें लागलें. बेल्जमचे देलीन्य यांनीं तें केलें. आणि या माळेमागेंहि एक प्रतिरूपणच उभें आहे, असें आतां मानितात.

'मानितात' म्हणण्यापर्यंत मजल गेली ती रॉबर्ट लँग्लंड्स या कॅनडाच्या गणितज्ञामुळें. १९६७ च्या जानेवारींत त्यांनीं आंद्रे वेय् यांस हातानें लिहिलेलें एक लांबलचक पत्र धाडिलें. संख्यासिद्धान्तांतील प्रश्न एका बाजूस, गटांचीं प्रतिरूपणें दुसऱ्या बाजूस, आणि या दोहोंमध्यें सर्वत्र एक कोश असावा, जेणेंकरून इकडच्या प्रत्येक शब्दास तिकडे प्रतिशब्द मिळेल, असें त्यांचें म्हणणें. सोबतच्या चिठींत त्यांनीं नम्रपणें असेंहि सुचविलें होतें कीं, वाचावेंसें न वाटल्यास आपणांपाशीं केराची टोपली असेलच. या कोशाची दुसरी बाजू बळकट केली ती मुख्यतः आपल्या हरिश्चंद्रांनीं. कानपूरचा जन्म, बंगळुरास भाभांजवळ उमेदवारी, आणि पुढें प्रिन्स्टनमध्यें आयुष्य. ज्या वेय् यांस पत्र गेलें ते १९३० ते १९३२ अलीगढास प्राध्यापक होते आणि त्यांनींच तेथें दामोदर धर्मानंद कोसंबी या गोमंतकीय तरुणास बोलावून घेतलें होतें. हेच कोसंबी पुढें भाभांच्या संस्थेंत आले, डेक्कन क्वीननें पुण्याहून ये-जा करीत राहिले, झीटा फलनाचा सर्वांत कठीण प्रश्न सुटला असें १९५९ मध्यें त्यांनीं जाहीर केलें, तें टिकलें नाहीं, आणि १९६२ मध्यें संस्थेशीं त्यांचा संबंध संपला. इतिहासकार म्हणून त्यांचें नांव मोठें झालें. त्यांची ती आगगाडीची दगदग मला संस्थेच्या सर्व वैभवापेक्षां अधिक भिडली, हें सांगितलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं कुलाब्यास गेलों. नेव्हीनगर ओलांडून जमीन संपते तेथें ही इमारत आहे. १९६२ च्या जानेवारींत पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. मागें समुद्र, पुढें हिरवळ, भिंतीवर हुसेन यांचें प्रचंड चित्र. झाडें भाभांनीं निवडून लावविलेलीं. बागाईतदाराच्या नजरेनें पाहिलें तर निगा चांगली आहे. आमच्या दादांसहि खोड काढतां आली नसती.

१९५६ पासून दर चार-पांच वर्षांनीं येथें अशी परिषद भरविण्याचा प्रघात पडला. १९७९ च्या जानेवारींतील परिषदेचा विषय तर उघडउघड हाच होता: संख्यांचें शास्त्र आणि प्रतिरूपणें यांचा संबंध. तिच्या ग्रंथांत जपानचे इवासावा व शिंतानी, जर्मनीचे हार्डर, तसेच झाके, कॅट्झ, स्टार्क, त्साग्यर यांचे निबंध आहेत, आणि संस्थेच्याच एस्. राघवन यांचाहि. पुतणीनें तो जाड ग्रंथ नागपुरास ग्रंथालयांत पाहिला होता. त्यांतलीं पहिलीं दहा पानें समजावयास तिला एक उन्हाळा लागला, असें ती अभिमानानें सांगते. पुढें ही विद्या येथें रुजली. दीपेंद्र प्रसाद यांनीं याच संस्थेंत बरींच वर्षें काम केलें. ग्रॉस यांच्याबरोबर त्यांनीं १९९२ मध्यें मांडलेलीं अनुमानें आज त्या क्षेत्रांत जगभर अभ्यासिलीं जातात. १९ ऑगस्ट २०१० रोजीं हैदराबादेस जागतिक गणित परिषदेंत व्हिएतनामचे न्गो बाओ चाउ यांस फील्ड्स पदक मिळालें तें लँग्लंड्स यांच्या कोशांतील एक अत्यंत अडलेली पायरी चढल्याबद्दल, आणि तें दिलें आपल्या जळगांवच्या प्रतिभाताई पाटील यांनीं, राष्ट्रपति या नात्यानें. खुद्द लँग्लंड्स यांस २०१८ चें आबेल पारितोषिक मिळालें. २०२४ मध्यें गेट्सगोरी, रास्किन व त्यांचे सहकारी अशा नऊ जणांनीं या कोशाच्या भूमितीय शाखेची सिद्धता पुरी केल्याचें जाहीर केलें. ती आठशेंहून अधिक पानांची आहे. संख्यांची मूळ शाखा अजून पुष्कळशी बाकीच आहे.

पुतणी आंत गेल्यावर मी बाहेर झाडाखालीं बसलों. शेजारीं एक संशोधक विद्यार्थिनी डबा खात होती. तिला मीं दादांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ती हंसली आणि म्हणाली, येथें स्त्रिया काय करितात हें पाहावयाचें असेल तर मंगला नारळीकरांचें उदाहरण पाहा. वाचकांस त्या त्यांच्या मराठी गणितपुस्तकांमुळें, आणि २०१९ च्या बालभारतींतील संख्यावाचनाच्या वादामुळें, परिचित आहेतच. १९६४ मध्यें मुंबई विद्यापीठाच्या एम्. ए. परीक्षेंत सुवर्णपदक, मग याच संस्थेंत काम, मग लग्न, परदेश, मुली, घरांतील वडीलधाऱ्यांचें सर्व कांहीं. आणि १९८१ मध्यें पीएच्. डी., विषय संख्यासिद्धान्त. २०२३ मध्यें त्या गेल्या. याच संस्थेंतल्या सुजाता रामदोरई यांस २००६ चें रामानुजन् पारितोषिक मिळालें, तेंहि संख्यासिद्धान्तांतल्याच कामाबद्दल. मुलीनें डब्यांतली एक पोळी मला दिली. पोळी पुरणाची होती. कामाबद्दलचें माझें मत तिच्यामुळें बनलें असें कृपया समजूं नये.

एक गोष्ट मला तिच्या बोलण्यांत नवी वाटली. येथें कोणी कोणास तुमच्या कामाचा उपयोग काय, असें विचारीत नाहीं. तुमचें कोठें अडलें आहे, असें विचारितात. आमच्याकडे बागेंतहि असेंच बोलतात. 'यंदा काय मिळालें' हें व्यापारी विचारतो; शेजारचा बागवाला विचारतो, 'कोणत्या झाडानें पान टाकलें?'

पुतणी तासाभरानें बाहेर आली. तोंड उतरलेलें नव्हतें, फुललेलेंहि नव्हतें. एकच प्रश्न चाळीस मिनिटें फळ्यावर चालला होता; अर्धा सुटला, अर्धा राहिला. बसच्या थांब्यापर्यंत ती मला तो राहिलेला अर्धा समजावून सांगत होती आणि मधेंच थांबून "अरे, हें मीं तेव्हांच म्हणावयास हवें होतें" असें स्वतःशीं म्हणत होती.

संध्याकाळीं मीं काटोलास दूरध्वनि केला. इमारत, समुद्र, वसतिगृह, जेवण, मुलींची संख्या, सर्व सांगितलें. सेल्बर्ग व रामानुजन् यांचेंहि सांगितलें. दादांनीं तें ऐकून घेतलें. मग त्यांनीं विचारलें, "तिला सर्व सवाल आला काय?" मीं म्हटलें, "अर्धा." पलीकडे बराच वेळ शांतता होती. आईचा आवाज मागें ऐकूं आला, पण शब्द कळले नाहींत. "बरें," दादा म्हणाले, "निकाल कांहींहि लागो. यंदा झालें नाहीं तर पुढच्या वर्षीं पुन्हां बसूं दे. पुण्याच्या मंडळींस मी आजच कळवितों कीं आमच्याकडून थांबावें लागेल. आणि हें पाहा, येतांना नागपुरास उतरून डिंक्यावरचें औषध घेऊन या. उजवीकडच्या चार ओळी अजून वांचतील."